तोडलेल्या लिंबांची सावली

या सदरात लोक लिहितात ते मी वर्षभर वाचतोय. खरं सांगतो, निम्म्या ठिकाणी हसलो आहे आणि उरलेल्या ठिकाणी चिडलो आहे. पांढऱ्या साडीतली बाई, चकवा, मागून येणारी हाक... मी परभणीत एका हायस्कूलला विज्ञान शिकवतो. पंचवीस वर्षं झाली. आमचे वडील, अण्णा, ताडकळसला प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. तिठ्यावर कोणी उतारा ठेवला की अण्णा मुद्दाम सायकल थांबवायचे, त्यातला नारळ उचलून घरी आणायचे आणि माय त्याची चटणी वाटायची. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा-धुपारा नाही. मी त्या नारळाच्या चटणीवर वाढलोय म्हटलं तरी चालेल.

तेव्हा हे लिहायला मला किती जड जातंय याची कल्पना करा. नावं बदलली आहेत. गावं खरी आहेत, रस्ता खरा आहे.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिला सुजाता म्हणू. ती अकरावीला परभणीत, मी तिथेच आठवीला. ताडकळसहून सकाळच्या एसटीने जायचं आणि संध्याकाळी साडेचारच्या गाडीने परत यायचं. परतीच्या वाटेवर ऊन उजव्या अंगाला असायचं, आणि मध्ये एक पट्टा असा होता की रस्त्याच्या उजव्या कडेला लिंबाची मोठाली झाडं ओळीने उभी. निजामाच्या राज्यात लावलेली, असं जुनी माणसं सांगायची. गाडी त्या पट्ट्यात शिरली की खिडकीतून तोंडावर ऊन-सावली, ऊन-सावली असा झपाटा सुरू व्हायचा. थंडीच्या दिवसांत सूर्य खाली असल्यामुळे तर फारच.

अक्का कायम उजव्या खिडकीला. झाडं आली की डोळे मिटायची आणि म्हणायची, "सुरू झालं बग."

मग तिला दिसायचं. आधी मोहोळासारखी घरं घरं, मग त्यांची चक्रं, मग रंग. "हे रंग दुकानात भेटत न्हाईत," म्हणायची. आणि कधी कधी त्या रंगांच्या आतून आख्खी चित्रं निघायची. एकदा पाण्यावर चालणारी लाल बैलजोडी. एकदा एक अंगण, आणि अंगणात कोणीतरी ढीगभर चिमण्या वाळत घातलेल्या. ती सांगायची आणि मागच्या-पुढच्या सीटवरच्या पोरी माना वळवून ऐकायच्या. घरी आल्यावर स्केचपेनांनी ती ते वहीत काढायची. दोन वह्या भरल्या होत्या.

मीही तिच्या शेजारी बसून डोळे मिटायचो. मला लाल दिसायचं. मग काळं. मग परत लाल. बस. पापणीच्या आत रक्त असतं म्हणून लाल, हे मला आठवीतच माहीत होतं आणि ते मी तिला सांगायचोसुद्धा. ती हसायची.

आता गंमत बघा. बाजारच्या दिवशी त्याच गाडीत गावातली एक बाई होती, गयाबाई. तिची शेळी दोन दिवस सापडत नव्हती. तिने अक्काला विचारलं, "पोरी, तुला लय दिसतंय म्हणत्यात. माजी शेळी दिसती का बग की." अक्का डोळे मिटूनच हसत म्हणाली, "शेळी न्हाई मावशे, पायऱ्या दिसायल्यात. अन् खाली पाणी." शेळी दुसऱ्या दिवशी जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर सापडली. ताडकळसच्या आसपास हरवलेली शेळी पाण्याशी सापडणार नाही तर कुठे सापडणार? पण हे गयाबाईला कोण सांगणार?

पुढच्या बाजारी आमच्या ओसरीवर पाच बाया. हातात नारळ, लिंबू, हळदकुंकू. एकीचा मुलगा नांदेडला पळून गेलेला, एकीला लेकरू नाही. "गुर्जीच्या पोरीत वारं आलंय, तेवडं बगून सांगा म्हणावं."

गुरुजींच्या घरात. ज्या माणसाने उताऱ्याचे नारळ खाऊन अर्ध्या गावाचं वैर घेतलं होतं, त्याच्या ओसरीवर, त्याच्या पोरीपुढे कुंकू. आमच्याच वस्तीतले लोक विहारापाशी उभे राहून बघत होते. अण्णांचा चेहरा मला आजही आठवतो. राग नव्हता तो, लाज होती. रागावर इलाज असतो.

अण्णा वाईट माणूस नव्हते, तीच तर अडचण आहे. वाईट असते तर दोन थोबाडीत मारून मोकळे झाले असते. पण ते विचार करणारे होते. त्यांनी प्रयोग करायचा ठरवला. रविवारी आम्हा दोघांना घेऊन परभणीला गेले आणि साडेचारच्या गाडीने परत निघाले. आम्हाला उजव्या खिडक्यांना एकापुढे एक बसवलं, दोघांच्या हातात एकेक कोरा कागद आणि पेन्सिल. "झाडं संपली की लिवायचं. बोलायचं न्हाई."

मी लिहिलं — लाल, काळं. अक्काने कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

संध्याकाळी ओसरीत अण्णा खुर्चीवर बसले, दोन्ही कागद मांडीवर. मी समोर उभा. अक्काला आत पाठवलं होतं. अण्णांनी विचारलं, "खरं सांग. तुला काई दिसलं?"

"न्हाई."

"काईच न्हाई?"

"न्हाई, अण्णा."

त्यांचा प्रश्न तिथे संपला होता, हे मी आज शपथेवर सांगतो. त्यांनी मला पुढचं काही विचारलं नव्हतं. मी आपणहून बोललो. "ढोंग करायलीय ती."

का बोललो? चौदा वर्षांचा होतो, हे काही उत्तर नाही. गाडीतल्या सगळ्या पोरी तिच्याकडे माना वळवायच्या आणि माझ्या लाल-काळ्याला कोणी विचारत नव्हतं, हे थोडं उत्तर आहे. आणि बाकीचं उत्तर असं की मला मनापासून तसंच वाटत होतं. एकच खिडकी, एकच ऊन, एकाच रक्ताचे दोघं भाऊबहीण. मला दिसत नाही, मग हिला कसं दिसेल? मला हेच विज्ञान वाटायचं.

अण्णांनाही वाटलं. "गवाही भेटली," एवढंच म्हणाले, आणि तिच्या वह्या न्हाणीच्या चुलाण्यात गेल्या. पाणी तापलं, त्या पाण्याने मी दुसऱ्या दिवशी आंघोळ केली.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं, कारण लाज घराबाहेर गेली होती. पुढच्या पौर्णिमेला विहारात वस्ती जमली. वंदना झाली, पंचशील झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — पाच शीलं आम्ही एकत्र मोठ्याने म्हणतो, त्यातलं चौथं मुसावादाचं, म्हणजे खोटं न बोलण्याचं. ते झालं आणि अण्णांनी अक्काला पुढे उभं केलं. तिने आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "मला काई दिसत न्हाई. मी खोटं बोलले. मला माफ करा." दोन वेण्या, पांढरी साडी मायची, पदराला पिना लावलेल्या. लोकांनी संमतीचं 'साधू, साधू' म्हटलं. एका म्हाताऱ्याने अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. आमची वस्ती त्या दिवशी अंधश्रद्धेतून सुटली असं सगळ्यांना वाटलं.

बाकीचं चार ओळींत सांगतो, कारण ते चार ओळींतच झालं. बारावीला तिला बसवलं नाही. उन्हाळ्यात सोनपेठला लग्न लावून दिलं. दाजी बरे होते, चार वर्षांपूर्वी गेले. एक मुलगा आहे, तो पुण्याला कंपनीत. ती सोनपेठला एकटी राहते. त्या पौर्णिमेनंतर तिच्या तोंडून मी कुठल्याही रंगाचं नाव ऐकलेलं नाही — साडी घेतानासुद्धा "ती द्या" म्हणून बोट दाखवते. अण्णा गेले, तेव्हा ती रडली नाही. मायच्या वेळी खूप रडली.

आणि मी विज्ञानाचा मास्तर झालो. फलकावर सुविचार लिहितो. 'प्रश्न विचारा' वगैरे.

आता यंदाचं.

आमच्या शाळेतल्या एका मॅडमची मुलगी, रुचिरा, मानसशास्त्रात एम.ए. करते. तिचा प्रकल्प होता : लुकलुकणारा उजेड, मिटलेले डोळे आणि माणसाचा स्वभाव. तिला माणसं हवी होती, म्हणून एका दिवशी दुपारी आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे पडदे लावून आम्हा सगळ्या स्टाफला तिने एकेक करून आत घेतलं. आधी विचारलं, कधी फिट आली होती का, कोणाला मिरगीचा त्रास आहे का. मग खुर्ची, समोर एलईडीचा दिवा, डोळे मिटायचे. दिवा झपाझप लुकलुकतो, तुम्ही दिसेल ते बोलायचं, ती लिहून घेते. नंतर एक फॉर्म. गाणं ऐकताना भान हरपतं का, पुस्तकातली माणसं डोळ्यांसमोर येतात का, एकटे असलात की मनात गोष्टी रचता का, असले प्रश्न.

आमचे खेळाचे सर, शिट्टी आणि पान यापलीकडे ज्यांना जग नाही, ते बाहेर आले तेव्हा तोंड उघडं. "आयला, मोराची पिसं! नुस्ती फिरायलीत!" मराठीच्या मॅडमना माहेरचा पिंपळ दिसला म्हणे. शिपाई कमलबाई म्हणाल्या, "मोहोळाची घरं घरं दिसली बगा, अन् मंग त्याची चाकं झाली."

घरं घरं. मग चाकं.

माझी पाळी आली. लाल. काळं. लाल. दहा मिनिटं.

मी फॉर्म भरून दिला आणि तिला विचारलं, हे बाकीच्यांना जे दिसतंय ते काय आहे? ती म्हणाली, "सर, बाहेर काहीच नसतं. उजेड ठरावीक वेगाने लुकलुकला की मेंदू आपणच चित्रं तयार करतो. बहुतेकांना नक्षी दिसते, काहींना आख्खे प्रसंग दिसतात, काहींना तुमच्यासारखं काहीच नाही. आजार नाही हा. जी माणसं एखाद्या गोष्टीत गुंगून जातात त्यांना जास्त दिसत असावं असा माझा अंदाज आहे, तेच तपासतेय." आणि मग आपली सहज म्हणाली, "दिव्याचीही गरज नाही, सर. गाडीतून जाताना झाडांच्या ओळीतून ऊन येतं ना डोळ्यांवर, तेव्हाही होतं हे. तुम्हाला कधी कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. एकीने रोज सांगितलं होतं.

मी पुढचे दोन तास शिकवू शकलो नाही. घरी येऊन न जेवता पडलो. बायकोने विचारलं, बीपी वाढलं का. मी हो म्हणालो. ते सोपं होतं.

पुढच्या रविवारी सोनपेठ. अक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी चहाची वाट न बघता सगळं सांगितलं. दिवा, खेळाचे सर, कमलबाई, मोहोळ. शेवटी म्हणालो, "तू खोटं बोलत नव्हतीस, अक्का. खरंच दिसतंय आसं लोकांला. शास्त्र हाय त्यात."

ती शेंगा सोलतच राहिली. "बरं झालं," म्हणाली. "कळालं म्हणायचं लोकांला."

"माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? तुला दिसत नव्हतं ते तू सांगितलंस. खोटं मी बोलले. शील घेऊन उठले अन् पाच मिनटात खोटं बोलले, बुद्धाच्या समोर." तिने टरफलं पदरातून झटकली. "तवापसून चवथं शील आलं की मी गप बसते. व्हट हालवते नुस्ते. कोणाच्या ध्यानात येत न्हाई."

बेचाळीस वर्षं आम्ही लग्नकार्यात, पुण्यानुमोदनात, म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणाच्या वंदनेत, शेजारी बसून शीलं म्हणतोय. माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी भरात येऊन म्हणालो, "महिन्यानं मायचं पुण्यानुमोदन हाय. ताडकळसला, त्याच विहारात. मला दोन शब्द बोलायला लावतेतच. मी उभा राहून सांगतो सगळ्यांसमोर, की सुजाता खोटं बोलत नव्हती."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुला दिसलं का, त्या दिव्यात?"

"न्हाई. मला न्हाई दिसलं, पण..."

"तवा न दिसता सांगितलंस. आताबी न दिसताच सांगणार." मग उठली. "साखर घालू का चहात, का सोडलीस?"

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी ती सोनपेठहून दुपारी परभणीला आली. माझी गाडी दारात उभी होती, पण म्हणाली, एसटीनेच जाऊ. साडेचारची आता पावणेपाचला सुटते. गर्दी नव्हती. ती अर्धं तिकीट काढून उजव्या बाजूच्या सीटशी थांबली आणि मला म्हणाली, "तू बस खिडकीला."

मी म्हणालो, अगं, तुझी जागा ती. ती म्हणाली, "बस म्हणते ना."

आता हा भाग नीट वाचा. त्या रस्त्यावर आज एकही लिंब नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा सगळी ओळ गेली, त्याला काही वर्षं झाली. मी दर महिन्याला त्या रस्त्याने जातो. उजवीकडे तुरी, कापूस, मध्येच एखादा उसाचा फड, आणि दूर दूर विजेचे खांब. सावली म्हणून नाही. जानेवारीचा महिना, आभाळ कोरडं, ऊन सरळ माझ्या तोंडावर.

तो पट्टा जवळ आला तशी अक्का म्हणाली, "मीट डोळे."

मी हसलो. "आता झाडं कुठं हायत, अक्का?"

"मीट."

मिटले. लाल. नेहमीचं लाल, स्थिर. मी मनात म्हणालो, म्हातारपणी बहिणीचं मन राखतोय, राखू दे. आणि तेवढ्यात काळं आलं. मग लाल. मग काळं. समोरून ट्रक आला असेल म्हणालो. पण थांबेना. काळं-लाल, काळं-लाल, झपाझप, आणि उघड्या खिडकीतून तो आवाज... जुन्या लोकांना माहीत असेल, गाडी झाडांच्या अगदी कडेने जाते तेव्हा प्रत्येक खोडापाशी वारा सप्‌ सप्‌ वाजतो, तो. झाडं गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. ऐकल्याबरोबर ओळखला.

मग ते लाल फुटलं. त्याची घरं घरं झाली. घरांना कडा आल्या, कडांना रंग आले, आणि मी, छप्पन्न वर्षांचा विज्ञानाचा मास्तर, एसटीच्या सीटवर बसून घाबरलो, कारण त्या रंगांना माझ्याकडे नावं नव्हती. चक्रं फिरली, पातळ झाली आणि मागून एक फट उघडली. दाराची फट होती ती. फटीतून ओसरी दिसत होती आमची, चुन्याची भिंत, अण्णांची खुर्ची. खुर्चीत अण्णा, मांडीवर दोन कागद. आणि त्यांच्यासमोर, फटीकडे पाठ करून, एक पोरगा उभा. खाकी अर्धी चड्डी, निळा शर्ट. शर्टाची कॉलर मागून उसवलेली आणि ती पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली, मोठे मोठे टाके. पोरग्याची मान हलली. दोन वेळा. काहीतरी बोलला तो. ऐकू आलं नाही. अण्णांनी मान वर करून दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं.

मी डोळे उघडले. लख्ख ऊन. तुरीचं शेत. रिकामा रस्ता, रिकामी कड. अक्का समोर बघत बसली होती, पिशवी मांडीवर, दांडीला धरून. मी तोंडातून शब्द काढला नव्हता.

तिने मान न वळवता म्हटलं, "अण्णाला सांगू नको."

अण्णांना जाऊन अकरा वर्षं झालीत.

ताडकळसला घरी पोचल्यावर मी हात-पाय धुतले, चहा घेतला आणि जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "अक्का, मी आठवीला होतो तवा माझा एक निळा शर्ट होता बग. कॉलर उसवलती त्याची."

"मीच शिवलती," ती म्हणाली. "निळा दोरा संपलता. पांढऱ्यानं शिवली. मागनं होती, तुला काय दिसणार?"

सकाळी विहारात शंभरेक माणसं. बहुतेक नवी. त्या पौर्णिमेला होती त्यांतली चार-पाच म्हातारी उरलीत, त्यांतल्या एकाला तर ऐकूच येत नाही. वंदना झाली. पंचशील सुरू झालं. अक्का बायकांच्या रांगेत पहिलीच होती आणि मी मुद्दाम तिच्याकडे बघत होतो. तीन शीलं तिने म्हटली. चौथ्याला तिचे ओठ हलले, गळा हलला नाही. पाचव्याला आवाज परत आला. चौथं मी स्वतः मोठ्याने म्हटलं. सवयीने.

मग सूत्रसंचालक म्हणाला, सरांनी आईविषयी दोन शब्द बोलावेत.

मी उभा राहिलो. घरून वाक्य ठरवून आलो होतो, आणि आता तर मला दिसलंही होतं. अक्काने घातलेली अट पुरी झाली होती. मी समोर बघितलं. माझे तीन जुने विद्यार्थी बसले होते, एक आता स्वतः गुरुजी आहे. सरपंच होते. पहिल्या रांगेत एक पोरगी मोबाइलवर माझं चित्रण करत होती. मला वाटलं, मी काय सांगणार? नसलेल्या झाडांची सावली माझ्या डोळ्यांवर पडली, हे? सर असं बोलले, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत परभणीला पोचेल. सोमवारी शाळेत मुलं काय म्हणतील? सरांना वारं आलंय म्हणतील. आणि झाडांचं सोडा, नुसतं रुचिराच्या दिव्याचं सांगितलं असतं तरी भागत होतं. माझी बहीण खोटं बोलत नव्हती, एवढे चार शब्द. तेही निघाले नाहीत.

माय कष्टाळू होती, असं म्हणालो. आम्हाला तिने शिकवलं, असं म्हणालो. 'आम्हाला.' आणि बसलो. लोकांनी 'साधू, साधू' म्हटलं. अक्का पंगतीची पानं लावायला केव्हाच उठून गेली होती. तिने माझ्याकडून काही अपेक्षा धरलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मला शरम वाटली आणि त्याहून वाईट म्हणजे थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

त्यानंतर मी त्याच गाडीने, त्याच खिडकीला, त्याच वेळेला चार वेळा गेलो. लाल. नुसतं लाल. समोरून येणाऱ्या गाड्यांची सावली पडते ती एकेकटी पडते, ओळीने नाही. खांब इतके लांब आहेत की मनात आकडे मोजत बसावं लागतं. रुचिराला विचारलं. तिला सगळं नाही सांगितलं, निम्मं सांगितलं. ती म्हणाली, पापण्या थरथरल्या असतील सर, मनावर ओझं असलं की आठवणी चित्रासारख्या येतात. असेल. पण आठवण माझी असती तर मला अण्णांचं तोंड समोरून दिसलं असतं. स्वतःची पाठ कोणाला आठवते? पांढऱ्या दोऱ्याचे टाके मी कधी बघितलेच नव्हते. हां, कोणी म्हणेल, शर्ट काढल्यावर बघितले असतील आणि विसरला असाल. मी हेसुद्धा मांडून बघितलंय. मी पंचवीस वर्षं मुलांना शंका काढायला शिकवलंय. सगळ्या शंका काढून झाल्या, आणि तो सप्‌ सप्‌ आवाज कुठल्याच रकान्यात बसत नाही. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, पण मला भूत-पिशाच्च सांगू नका. भूत असतं तर बरं झालं असतं, त्याच्यावर ढकलता आलं असतं.

सोनपेठला फोन केला होता गेल्या आठवड्यात. म्हणालो, अक्का, विहारात सांगायचं राहून गेलं. पुढच्या वेळी नक्की. ती म्हणाली, "बरं." मग विचारलं, तूर किती पाठवू.

म्हणून इथे लिहितोय. खाली नाव दिलेलं नाही, शाळेचं नाव दिलेलं नाही, बहिणीचंही बदललंय. माझं वय छप्पन्न आहे. ती सतरा वर्षांची होती, आणि तिला स्वतःचं नाव सांगून उभं राहावं लागलं होतं.